कार्डाचा नंबर हे गुपित नव्हेच

४१११ ११११ ११११ ११११. हा क्रेडिट कार्डाचा नंबर आहे आणि मी तो इथे बिनदिक्कत लिहिते आहे. पेमेंटच्या यंत्रणा बनवणारे प्रोग्रॅमर जगभर हाच नंबर चाचणीसाठी वापरतात. त्याच्यामागे कोणाचंही खातं नाही, पण रचनेच्या दृष्टीने तो अगदी अस्सल आहे. कागद-पेन्सिल घेतलीत तर दोन मिनिटांत पडताळून पाहता येईल. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे. दुप्पट करून दोन आकडी संख्या आली तर तिचे दोन्ही आकडे एकमेकांत मिळवायचे. इथे ती वेळ येत नाही. ४ चे ८ होतात, दुप्पट करायच्या सात १ चे मिळून १४ होतात, आणि तसेच ठेवलेले आठ १ म्हणजे ८. आठ, चौदा आणि आठ, तीस. बेरजेच्या शेवटी शून्य आलं की नंबर बरोबर. यातला कुठलाही एकच आकडा बदलून पाहा, शून्य येणार नाही.

ही युक्ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. तिचं पेटंट त्यांना १९६० साली मिळालं. नंबर टाइप करताना किंवा उतरवून घेताना एखादा आकडा चुकला तर तो तिथल्या तिथे पकडला जावा, एवढाच तिचा हेतू. चोराला अडवण्यासाठी ती नव्हतीच. आजही तुम्ही ऑनलाइन पेमेंट करताना एक आकडा चुकवलात तर बँकेला विचारण्याआधीच पान ‘नंबर चुकीचा आहे’ असं सांगतं, ते याच बेरजेच्या जोरावर.

नंबरातले बाकीचे आकडेही गूढ नाहीत. सुरुवातीचा ४ म्हणजे व्हिसा. पहिल्या सहा किंवा आठ आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेने दिलं ते कळतं. शेवटचा आकडा वर केलेल्या बेरजेचा. म्हणजे खरोखर ‘तुमचे’ म्हणावेत असे आकडे मधले थोडेच. शिवाय हा नंबर कार्डावर छापलेला असतो, आणि कार्ड तुम्ही वर्षानुवर्षं अनोळखी लोकांच्या हातात देत आलेला असता.

मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. कार्डाचा नंबर हा पत्ता आहे. पत्ता दहा जणांना माहीत असतो, असणारच. व्यवहार खरा ठरतो तो सहीने, आणि कार्डाच्या जगात ही सही वेगवेगळी रूपं घेते: चिपने तयार केलेला कोड, पिन, ओटीपी, बँकेच्या ॲपमधलं ‘मंजूर’ हे बटण. नंबर बाहेर गेला म्हणून जीव टांगणीला लावणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच माणसं फोनवर ओटीपी वाचून दाखवतात. काळजी आहे, पण चुकीच्या दाराशी उभी आहे.

अर्थात पत्ता चव्हाट्यावर मांडायचा नसतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की नुसता नंबर हाताशी असला तरी बाकीची माहिती अंदाजाने काढता येते. कार्डाची मुदत सहसा पाच वर्षांच्या आतली, म्हणजे फार तर ६० महिने तपासायचे. सीव्हीव्ही, म्हणजे सहसा कार्डाच्या मागे छापलेला सुरक्षा कोड, तीन आकडी, म्हणजे १,००० शक्यता. एकाच वेबसाइटवर इतके प्रयत्न केले तर ती अडवते. म्हणून त्यांनी ते प्रयत्न शेकडो वेबसाइटवर वाटून टाकले, प्रत्येकीवर थोडेथोडे, आणि काही सेकंदांत उत्तर मिळवलं. तेव्हा कार्डाचा फोटो काढून कोणाला पाठवणं टाळाच, आणि पाठवावा लागलाच तर मधले आकडे झाका. सीव्हीव्ही मात्र कोणत्याही कारणाने फोटोत येऊ देऊ नका. अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर तो चार आकडी असतो आणि पुढच्याच बाजूला छापलेला असतो, म्हणजे ‘मागची बाजू दाखवली नाही’ हे समाधान तिथे कामाचं नाही.

पट्टी बोलते, चिप उत्तर देते

कार्डाच्या मागची काळी पट्टी म्हणजे कॅसेटच्या टेपचीच बहीण. १९६० च्या दशकात आयबीएमचे अभियंता फॉरेस्ट पॅरी प्लॅस्टिकच्या कार्डावर चुंबकीय पट्टी बसवायच्या खटपटीत होते, आणि कुठलाच गोंद नीट धरेना. घरी पत्नी कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी सुचवलं, इस्त्रीने चिकटवून पाहा. उष्णतेने पट्टी बसली आणि पुढे ती जगभर पोहोचली.

पट्टीचा दोष तिच्या साधेपणात आहे. तिच्यावरची माहिती कायम तीच असते. मशीनने विचारलं की ती तेच सांगते, आज, उद्या, पुढच्या वर्षी. त्यामुळे ती एकदा वाचली की तिची हुबेहूब नक्कल कोऱ्या कार्डावर उतरवता येते. यालाच स्किमिंग म्हणतात. एटीएमच्या खाचेवर बेमालूम बसवलेला एक खोटा तुकडा पट्टी वाचून घेतो, आणि वर कुठेतरी लपवलेला बारीक कॅमेरा पिन टिपतो. म्हणून एटीएमसमोर उभं राहिल्यावर दोन गोष्टी हाताच्या सवयीच्या करून टाका: कार्ड घालण्याआधी खाच चिमटीत धरून हलवून पाहायची, आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरायचा. मागे कोणी नसलं तरी आडोसा धरायचा. तो मागच्या माणसापेक्षा वरच्या कॅमेऱ्यासाठी जास्त आहे.

चिपचं तसं नाही. ती एक छोटा संगणक आहे. १९९० च्या दशकात युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून ईएमव्ही हे नाव आलं. मशीन चिपला व्यवहाराची माहिती देतं: इतकी रक्कम, ही तारीख, आणि मशीनने त्या क्षणी निवडलेली एक यादृच्छिक संख्या. चिप आपल्या पोटातली गुप्त किल्ली वापरून त्यावरून एक कोड तयार करते. तो कोड फक्त त्याच व्यवहाराला लागू पडतो. मधल्यामध्ये कोणी तो चोरला तरी पुढच्या व्यवहाराला त्याचा उपयोग शून्य. आणि ती किल्ली चिपमधून कधीच बाहेर येत नाही. मशीनला ती दिसत नाही, दुकानदाराला नाही, तुम्हालाही नाही.

यावरून एक व्यवहारी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चिप असताना कोणी ‘चिप चालत नाही, पट्टी घासूया’ म्हणालं तर सावध व्हा. क्वचित चिप खरंच खराब असते, पण पट्टी घासणं म्हणजे अर्धशतकापूर्वीच्या सुरक्षेवर परत जाणं. पट्टीचे दिवसही आता भरत आले आहेत. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं की २०३३ पर्यंत आपल्या सगळ्या कार्डांवरून ती जाईल.

टॅप करण्याची अनेकांना धास्ती वाटते. कार्ड खिशात असताना शेजारून जाणाऱ्याने मशीन लावून पैसे काढले तर? भीती समजण्यासारखी आहे, पण तांत्रिक बाजू पाहिली की ती बरीच ओसरते. टॅपची लहर जेमतेम काही सेंटिमीटर जाते. टॅप करतानाही चिपच काम करते, म्हणजे कोड दर वेळी नवा. पिनशिवाय टॅपने जाणाऱ्या रकमेला मर्यादा असते. शिवाय असे पैसे काढणाऱ्याला पेमेंटचं मशीन लागतं, मशीनला बँकेतलं खातं लागतं, आणि खातं म्हणजे ओळखपत्रं. चोराला यापेक्षा सोपे मार्ग उपलब्ध आहेत, आणि तो तेच धरतो. माझं स्पष्ट मत असं की कार्ड दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा स्वतः टॅप करणं केव्हाही बरं. कार्ड हातातून सुटत नाही, नजरेआड जात नाही. फक्त टॅप करण्याआधी मशीनच्या पडद्यावरची रक्कम वाचा. शून्य एखादं जास्त पडलेलं असू शकतं, आणि ती दर वेळी लबाडीच असते असंही नाही.

फोनमधून टॅप केलं तर आणखी एक पायरी वर. २०१४ मध्ये टोकनची पद्धत रुजू लागली. फोनमध्ये तुमचा खरा नंबर ठेवलाच जात नाही, त्याच्या जागी एक बदली नंबर ठेवला जातो, आणि तो त्या फोनपुरताच चालतो. दुकानदाराच्या यंत्रणेत घुसून कोणी तो पळवला तरी त्याच्या हाती पडतो तो असा पत्ता, ज्यावर दुसरं कोणी गेलं तर दार उघडतच नाही.

हे का महत्त्वाचं, ते २०१३ च्या एका घटनेवरून कळतं. अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या साखळी दुकानांच्या बिलिंग मशीनमध्ये चोरांनी प्रोग्रॅम घुसवला आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती उचलली. आत शिरायला वाट मिळाली ती वातानुकूलन आणि शीतकरणाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीच्या पासवर्डमधून. ग्राहकांची काय चूक होती? काहीही नाही. ते दुकानात गेले, पट्टी घासली, सामान घेऊन घरी आले. आपण कितीही काळजी घेतली तरी पत्ता फुटतो तो असा, दुसऱ्याच्या घरातून. तेव्हा ‘माझा नंबर कधीच बाहेर जाणार नाही’ या भरवशावर न राहता ‘गेला तरी काय होईल’ याची तयारी ठेवायला हवी.

घरबसल्या पेमेंट करताना

ऑनलाइन व्यवहारात चिप कामाला येत नाही. तिथे कार्ड नसतं, फक्त त्यावरचे आकडे असतात. सीव्हीव्ही आला तो ही उणीव भरायला. तो पट्टीवर साठवलेला नसतो (पट्टीवरचा कोड वेगळा असतो), त्यामुळे पट्टीची नक्कल करणाऱ्याला तो मिळत नाही. व्यवहार मंजूर झाल्यावर विक्रेत्याने तो साठवून ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे वेबसाइटचा साठा फुटला तरी त्यात सीव्हीव्ही सापडू नये.

पण टाइप करतानाच कोणी बघत असेल तर? २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर नेमकं हे झालं. पेमेंटच्या पानावर चोरांनी जेमतेम २२ ओळींचा प्रोग्रॅम चिकटवला. ग्राहक जे टाइप करेल त्याची एक प्रत गुपचूप चोरांकडे जात राहिली. पान खरं, पत्ता खरा, कुलपाचं चिन्हही खरं. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती या हल्ल्यात सापडली.

त्या कुलपाबद्दल थोडं. पत्त्याच्या ओळीतलं कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही आणि ती वेबसाइट यांच्यामधला रस्ता बंदिस्त आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सज्जन बसला आहे की भामटा, हे ते सांगत नाही. भामट्यांच्या वेबसाइटलाही कुलूप असतं, फुकट मिळतं. खरी पारख पत्त्याच्या अक्षरांवरून करायची, आणि त्यातही मेसेजमधल्या लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाइप करून जायचं.

कार्ड वेबसाइटवर साठवावं की दर वेळी नव्याने टाइप करावं, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. माझं उत्तर दोन भागांत आहे. जिथे वारंवार खरेदी होते आणि विक्रेता टोकन पद्धतीने कार्ड जपतो, तिथे साठवलेलं बरं. खरा नंबर दर वेळी पानावर उमटत नाही. जिथे एकदाच काही घ्यायचं आहे तिथे साठवू नका, ती खूण काढून टाका. काही बँका ॲपमधून एकदाच चालणारा तात्पुरता कार्ड नंबर देतात. तुमची बँक देत असेल तर अनोळखी ठिकाणी तोच वापरा. आणि ‘पहिला महिना मोफत’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे कार्ड देताना त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवा, मुदत संपायच्या दोन दिवस आधीची. मोफत सेवेला कार्ड का हवं असतं, याचं उत्तर दुसऱ्या महिन्याच्या बिलात मिळतं.

सही मागणारा फोन

चिप फोडता येत नाही, ओटीपीचा अंदाज बांधता येत नाही. मग चोराने काय करावं? ज्याच्याकडे सही आहे त्यालाच ती करायला लावावी. आजचे भामटे यंत्रणेशी झुंजत बसत नाहीत, ते माणसाला गाठतात.

माझ्या मावशीला आलेला असा फोन मी शेजारी बसून ऐकला आहे. बोलणारा अतिशय अदबीने बोलत होता. “मॅडम, तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे हेच ना?” आकडे बरोबर होते. मावशी खुर्चीत सावरून बसली. “या कार्डावरून आत्ता एक मोठी खरेदी होते आहे. तुम्हीच करताय का?”

“नाही हो! मी काहीच घेतलेलं नाही.”

“बिलकूल घाबरू नका, मॅडम. मी लाइनवरच आहे. व्यवहार लगेच रद्द करून देतो. तुमच्या फोनवर रद्द करण्याचा कोड आला असेल, तेवढा वाचून दाखवा.”

फोन खरंच थरथरला. मावशीने चष्मा वर केला आणि आकडे वाचायला सुरुवात केली. दोन आकडे बोलून झाल्यावर मी पडद्यावर हात ठेवला. “मावशी, आधी वरची ओळ वाच.” वरच्या ओळीत लिहिलं होतं की अमुक विक्रेत्याकडे अमुक रकमेच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे, कोणालाही सांगू नये. रद्द हा शब्द त्यात कुठेच नव्हता. पलीकडचा माणूस अजून बोलत होता, “मॅडम, वेळ कमी आहे, मॅडम...” तिने फोन ठेवला तेव्हा तिचा हात कापत होता. पैसे गेले नाहीत, पण बराच वेळ ती एकच म्हणत राहिली, “त्याला माझे आकडे कसे माहीत?”

तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. शेवटचे चार आकडे कुठून तरी मिळालेले होते, कुठल्या तरी पावतीवरून, कुठल्या तरी फुटलेल्या यादीतून. तो पत्ता होता. पत्ता सांगून त्याने स्वतःला बँकेचा माणूस ठरवलं, आणि मग सही मागितली. सगळी फसवणूक या दोन पायऱ्यांमध्ये बसते. समोरच्याला तुमचं नाव, जन्मतारीख, कार्डाचे आकडे माहीत आहेत यावरून तो बँकेतला आहे हे सिद्ध होत नाही, कधीच नाही. फोनच्या पडद्यावर बँकेचं नाव झळकलं तरी नाही, कारण ते नावही खोटं दाखवता येतं.

दुसरी गोष्ट, आपण मेसेज वाचत नाही. नजर थेट आकड्यांवर जाते. हल्ली तर फोन मेसेजमधून आकडे आपणच उचलतो आणि वर ‘भरा’ असं सुचवतो, म्हणजे रक्कम आणि विक्रेत्याचं नाव डोळ्यांखालून जातच नाही. चेकवर सही करताना रकमेकडे न पाहणारा माणूस सापडणार नाही. ओटीपी हा तोच चेक आहे. मेसेज उघडा, रक्कम वाचा, नाव वाचा, मग आकडे टाका. बँकेच्या ॲपमध्ये ‘मंजूर करा’ असं येतं तेव्हाही हेच. तुम्ही काहीच खरेदी करत नसताना असा निरोप आला तर नाकारा आणि बँकेला कळवा.

पैसे परत येण्यासाठी सही लागत नाही, हेही मनात पक्कं करून ठेवा. परतावा, कॅशबॅक, बक्षीस, रद्द झालेला व्यवहार, यांपैकी कशालाही पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. जिथे ‘पैसे मिळवण्यासाठी ओटीपी’ आला, तिथे पैसे जाणार आहेत.

अशा फोनवर वाद घालू नका, त्याला पकडून देण्याच्या भानगडीतही पडू नका. फोन ठेवा, कार्ड उलटं करा आणि मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. सर्च करून मदत क्रमांक शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक असतात आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच सापडतो. कोणाच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप घेऊ नका, कारण मग ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. आणि तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक गेलं, आजूबाजूच्यांचं चालू असताना तुमचंच तासन्‌तास गेलेलं राहिलं, तर कोणी तुमच्या नावाने नवं सिम काढून घेतलेलं असू शकतं. ओटीपी त्या सिमवर जात असतात. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला गाठा, मग सिम कंपनीला.

दहा मिनिटांची बांधबंदिस्ती

बँकेचं ॲप उघडून एकदा सेटिंग पाहिलीत तर बरंच काम तिथेच होतं. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद करा. पट्टीचा किंवा एटीएमचा वापर वेगळा बंद करायची सोय असेल तर तीही वापरा. ऑनलाइन खरेदीची मर्यादा नेहमीच्या खर्चाच्या थोडी वर ठेवा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवायची आणि नंतर पुन्हा उतरवायची. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज सुरू ठेवा, कितीही लहान रक्कम असली तरी. हे लहान रकमेचं मुद्दाम सांगते, कारण चोरलेलं कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी चोर आधी अगदी क्षुल्लक रक्कम काढून बघतात. ती चाचणी कोणाच्या लक्षात आली नाही की मग मोठा घाव घालतात. न ओळखीची नगण्य रक्कम दिसली तर ‘जाऊ दे’ म्हणू नका.

पिन जन्मसालाचा नको. कार्डाच्या पाकिटात पिनची चिठ्ठी तर नकोच.

आपल्याच हाताने होणारं नुकसान

कार्ड सुरक्षित वापरणं म्हणजे फक्त चोरापासून जपणं नव्हे. बिलावर एक ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती भरली की दंड लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं आपण सुटलो. घोडं पेंड खातं ते इथे.

एक हिशेब मांडते. थकबाकी १०० धरा, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि किमान रक्कम ५ टक्के. व्याज चढल्यावर १०३ झाले, त्यातले ५.१५ भरले, उरले ९७.८५. पाचाहून जास्त गेले आणि ओझं फक्त दोनाहून किंचित जास्त हललं. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर असंच भरत राहिलात तर तुमच्या खिशातून साधारण ५५ गेलेले असतात आणि थकबाकी तरीही ७७ उरलेली असते. मधले ३२ व्याजात गेले. थकबाकी निम्मी व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. महिना ३ टक्के हा आकडा लहान दिसतो. चक्रवाढीने तो वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. व्याजाचा दर आणि किमान रक्कम बँकेगणिक बदलते, पण हिशेबाची चाल हीच राहते.

वर आणखी एक फटका असतो. पूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंत जी बिनव्याजी सवलत मिळते, ती थकबाकी ठेवणाऱ्याची सहसा बंद होते. मग नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर सवलत मुळातच नसते, व्याज लगेच सुरू होतं आणि वर शुल्क. म्हणून पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, ‘पूर्ण’ हा पर्याय निवडून. कारण पुष्कळदा आधीपासून खूण ‘किमान’वर केलेली असते.

पण बिल आपोआप भरलं जातं म्हणून स्टेटमेंट वाचणं सोडू नका. महिन्यातून एकदा, पेन हातात घेऊन, ओळ न्‌ ओळ.

न केलेला व्यवहार दिसला तर

आधी कार्ड ब्लॉक करा. ॲपमधून ते अर्ध्या मिनिटात होतं. खात्री नसेल तर तात्पुरतं गोठवा, पण विचार करत बसू नका, कारण तुमच्यावर किती भार पडणार हे बऱ्याच ठिकाणी तुम्ही किती लवकर कळवलंत यावर ठरतं. मग बँकेला फोन, आणि फोननंतर लेखी तक्रार. तक्रारीचा क्रमांक, तारीख, वेळ, बोललेल्या व्यक्तीचं नाव लिहून ठेवा. नंतर ‘तुम्ही कळवलंच नव्हतं’ असं ऐकायची वेळ आली तर हा कागद कामी येतो. मोठी रक्कम असेल तर पोलिसांकडेही तक्रार नोंदवा.

विक्रेत्याने माल दिला नाही, दोनदा पैसे कापले, रद्द केलेल्याचे पैसे परत केले नाहीत, अशा वेळी चार्जबॅक मागता येतो. तुमची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते आणि विक्रेत्याला पुरावा द्यावा लागतो. बिलातल्या चुकीला ग्राहकाने आव्हान द्यावं आणि चौकशी होईपर्यंत ती रक्कम रोखून धरावी, हा हक्क अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने दिला. त्यासाठी बिल पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत होती. मुदती देशानुसार आणि कार्डानुसार वेगळ्या आहेत, पण मुदत असते हे सगळीकडे सारखं. म्हणून पावत्या, ईमेल, मेसेज जपून ठेवा आणि विक्रेत्याच्या ‘दोन दिवसांत करतो’ या आश्वासनावर महिने घालवू नका.

ऑनलाइन खरेदीला डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड मला बरं वाटतं ते यासाठीच. डेबिट कार्डाला गंडा बसला तर तुमच्या खात्यातले पैसे गेलेले असतात, आणि ते परत येईपर्यंत महिन्याचा खर्च तुम्हाला भागवायचा असतो. क्रेडिट कार्डावर अडकलेले पैसे त्या क्षणी बँकेचे असतात. भांडण तेच, पण उभं राहायची जागा बरी.

नवं कार्ड आलं की जुन्या नंबरावर चालणारी वर्गणी, विमा, बिलं यांची यादी करून तिथे नवा नंबर द्या, नाहीतर एखादा हप्ता चुकतो आणि महिन्याभराने कळतं. या यादीतच कधीकाळी घेतलेली आणि विसरलेली एखादी सेवा सापडते, ती तिथेच बंद करून टाका. जुन्या कार्डाची कात्रीने चिप कापा, अगदी मधोमध, मग पट्टी आडवी दोन-तीन ठिकाणी, मग सीव्हीव्ही. तुकडे एकाच पिशवीत टाकू नका.